सिंकमध्ये ओतू नका

‘व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळं घरगुतीच, म्हणून काम झाल्यावर सिंकमध्ये ओतून दिलं तरी चालतं’ हे, घरच्या घरी सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवून काढण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. बोर्ड बुडवण्यापूर्वी ते घरगुती होतं, नंतर त्यात तांबं विरघळलेलं असतं. १० बाय १० सेंमीच्या, एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डावर ३५ मायक्रॉन जाडीचा थर असेल तर ते जवळपास ३ ग्रॅम तांबं होतं, आणि त्यातलं बरंचसं द्रावणात उतरतं. तो सुंदर हिरवा-निळा रंग त्याचाच. मासे आणि शेवाळ यांना तांब्याचे क्षार अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात.

मी वापरलेलं द्रावण एक-दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवतो, म्हणजे उरलेलं पेरॉक्साइड विघटित होतं. (झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत अजिबात नको, ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगते आणि फुटूही शकते.) मग धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाकायचा. आधी फसफसतं, आम्ल संपलं की निळसर-हिरवा साका खाली बसतो. तो गाळून, वाळवून घातक कचऱ्यात द्यायचा. आणि खरं तर दर वेळी फेकायची गरजच काय? व्हिनेगर-मिठाऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण वापरत असाल तर ते क्युप्रिक क्लोराइड (तांब्याचाच एक क्षार) होऊन पुन्हा पुन्हा चालतं. काळपट तपकिरी पडलं की फिशटँकच्या पंपाने हवा सोडा, परत स्वच्छ हिरवं होतं. अधूनमधून थोडं आम्ल घालावं लागतं, इतकंच. यावर लेखात एक ओळही नाही, याचं नवल वाटलं.