नापास होईल तीच खरी सीडी

सीडीवरचा जुना गेम अख्खा हार्ड डिस्कवर चढवलेला असतो. तरी चालू करायला जावं तर फर्मान निघतं: सीडी घाला. घालतो. ड्राइव्ह घरघरतो, दम खातो, पुन्हा घरघरतो आणि शेवटी म्हणतो, ‘कृपया मूळ सीडी घाला.’ अरे, मूळच आहे ती! पावती दाखवू का?

या घरघरीत गेमचं काहीच वाचलं जात नसतं. सीडी मूळ की नक्कल, याची नुसती ओळखपरेड चाललेली असते. तिचा न्यायही उफराटा. सेफडिस्क ही नक्कल रोखणारी यंत्रणा घ्या. सीडीच्या एका सेक्टरात, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, २३५२ बाइट. त्यातले २०४८ माहितीचे, उरलेल्यांत सेक्टरचा पत्ता आणि चूक पकडण्याचा हिशेब. सेफडिस्क शेकडो सेक्टरांत हा हिशेब मुद्दाम चुकवून ठेवते. गेम नेमके तेच सेक्टर वाचायला मागतो. वाचता आले नाहीत, तर सीडी पास. सुरळीत वाचले गेले, तर चोर! साधा कॉपी प्रोग्राम एकतर त्या खड्ड्यांत रुतून बसतो, नाहीतर भाबडेपणाने हिशेब दुरुस्त करून देतो आणि तिथेच पकडला जातो. खड्ड्यांसकट नक्कल निघू लागली, तेव्हा ‘वीक सेक्टर’ आले: जुन्या बर्नरना, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हना, धड लिहिताच येऊ नयेत असे बिटांचे नमुने.

सेक्युरॉम या दुसऱ्या यंत्रणेने पुढे थेट टेप लावून मोजणी सुरू केली. सीडीवरचे सेक्टर एकाच लांबलचक गुंडाळीवर बसलेले. एका साच्यातून निघालेल्या सीड्यांवर अमुक सेक्टरापासून तमुक सेक्टर ठरलेल्या कोनावरच येतो. बर्न करायच्या कोऱ्या सीडीवरची खाच वेगळ्या मापाची, त्यामुळे माहिती अक्षरन् अक्षर तीच असूनही कोन हुकतो.

हा कोन मोजतात वेळेवरून, आणि आपलं नशीब फुटतं ते इथे. एक ओरखडा आला, ड्राइव्हने तोच सेक्टर पुन्हा वाचला, की गणित कोसळलं. (पुसायचीच तर मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसलीत तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच लांब जातो, आणि असा ओरखडा दुरुस्त करणं ड्राइव्हला जास्त जड जातं.) काही गेम तर व्हर्च्युअल (म्हणजे खोट्या, नुसत्या सॉफ्टवेअरमधल्या) ड्राइव्हचा प्रोग्राम संगणकात नुसता दिसला तरी रुसतात.

सेफडिस्कची ही सगळी तपासणी सेकड्राइव्ह नावाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामवर, उभी होती. २०१५ साली विंडोज १० ने तो चालवायला नकार दिला. त्याच सप्टेंबरच्या अपडेटने सुरक्षेचं कारण देऊन व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद केला. आता मूळ सीडी घाला नाहीतर नक्कल, गेम दोघींनाही दारातूनच परत पाठवतो.