फुकट पान कशाला द्यायचं?

पोकरचा डाव. हातात इस्पिकचा एक्का-राणी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत, बदामाची राणी, बदामाची सत्ती आणि किलवरची तिर्री. टॉप पेअर, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी, वर एक्क्याचा किकर, म्हणजे जोडीसोबतचं पान. मी निम्म्या पॉटची (मधे जमलेल्या चिप्सच्या निम्मी) बेट लावते, समोरचा हातात दोन बदाम धरून कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकतो, टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, टेबलावर तिसरं बदाम पडतं आणि त्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) होतो. मग टेबलावरचं कोणीतरी मलाच शिकवतं, "एका जोडीवर एवढं कशाला खेळायचं? चेक करायचं ना!"

चेक? म्हणजे बेट न लावता त्याला पुढचं पान फुकट द्यायचं?

अहो, निम्म्या पॉटच्या बेटला कॉल परवडायला २५ टक्के संधी लागते. फ्लश ड्रॉला, म्हणजे फ्लशला एकच पान कमी असलेल्या हाताला, पुढच्या एका पानावर मिळते जेमतेम १९ टक्के. त्याचा कॉल महागात पडावा म्हणूनच तर बेट लावली! उरलेली दोन्ही पानं मिळून ३५ टक्के होतात हे खरं, पण ती दोन्ही पानं त्याला एकाच किमतीत का दाखवायची? "लागलं की पुढे वसूल होतं" हे म्हणणं खोल स्टॅकला, म्हणजे समोर भरपूर चिप्स असताना, ठीक आहे. इथे माझ्याकडे वीस ब्लाइंड (ब्लाइंड म्हणजे डावाच्या सुरुवातीची सक्तीची बेट) एवढ्याच चिप्स होत्या. वसूल करायला मागे उरतं किती?

आणि हे टूर्नामेंट आहे. गेलेल्या चिप्स खिशातून परत भरता येत नाहीत, त्यामुळे हरलं की दुखतंच. पण पान उलटल्यावर निकाल बघून माझी बेट चुकीची ठरवू नका. तिसरं बदाम पडलं म्हणून आधीचं गणित बदलत नाही. पुढच्या वेळीही मी तिथे बेटच लावणार.