‘सगळा माल एकाच कारखान्यातला’? जरा थांबा

ठाणे-नवी मुंबईच्या बाईकवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीचा पार्ट आणि लोकल पार्ट एकाच कारखान्यातले, फरक डब्याचा. साइज जुळली की काम झालं. महाग चेनही दोन पावसाळ्यांत जाते, मग स्वस्तच टाका. मेकॅनिक घाबरवतो तो कमिशनसाठी.

कारखान्याची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती खपते. चेन, ब्रेक, शॉकअप हे बाईक कंपन्या बहुतेक बाहेरूनच घेतात. वाळूजची एन्ड्युरन्स, चेनमध्ये रोलॉन, शॉकअपमध्ये गॅब्रिएल यांचा माल बाईक कंपन्यांना जातो आणि त्यांच्या स्वतःच्या नावाने दुकानातही मिळतो. तो शोरूमपेक्षा स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या. पण काउंटरवर ‘लोकल’ म्हटलं की हा माल, बिननावी पिशवीतला माल आणि कंपनीचा नकली डबा असे तिन्ही एकाच शब्दात येतात. आमचं भांडण शेवटच्या दोघांशी.

‘साइज जुळली की काम झालं.’ हेडलाइटचा बल्ब घ्या. बऱ्याच बाईकना 35/35 वॅटचा एचएस1 असतो. कारचा 60/55 वॅटचा एच4 दिसायला जवळपास तसाच, थोडा दाबला-घासला की बसतोही. मग जिथे 3 अँपिअर जायचे तिथे 5 जातात आणि काही महिन्यांत होल्डर वितळू शकतो. स्पार्क प्लगचंही तेच. आटे तेच असले तरी उष्णता सोसण्याचा नंबर वेगळा असू शकतो. त्यात एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये गरम. म्हणून नंबराला नंबर लावून बदलू नका, दोन्ही कंपन्यांचे नंबर जुळवणारा तक्ता बघा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 इंजेक्शनच्या गाडीत तर रेझिस्टर असलेलाच प्लग हवा, नाहीतर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, अडथळा येऊ शकतो.

ब्रेकवर मात्र जरा थांबायला हवं. ड्रम ब्रेकच्या शूवर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा पट्टा, चिकटवलेला असतो. स्वस्त मालात घोटाळा होतो तो त्या चिकटवण्यात. घोडबंदरला गायमुखचा उतार किंवा पारसिक हिलवरून खाली येताना ड्रम तापतो, लायनर सुटतो आणि मध्ये अडकून चाक लॉक होऊ शकतं. विकत घेण्याआधी लायनर आणि धातूची सांध नखाने फिरवून बघा, कुठे फट नको. दोन्ही शूची जाडी सारखी हवी. घरी आणल्यावर लायनरवर खडू फिरवा, ड्रममध्ये बसवून चाक हाताने फिरवत ब्रेक हलका दाबा आणि शू परत काढून बघा. खडू फक्त मधल्या पट्ट्यावरच पुसला गेला असेल तर गोलाई चुकीची आहे, शू परत करा.

बसवताना ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका. शू पसरवणाऱ्या कॅमला ग्रीस नावापुरतंच, लायनरला बोट लागू देऊ नका. एक्सल नट आवळताना ब्रेक पेडल दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. हे एवढं न केल्यानेच नवे शू एका बाजूने घासतात आणि दोष पार्टला लागतो. पहिले 150-200 किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा.

आता दोन पावसाळ्यांची चेन. ऐरोली, वाशीकडे खाडीची खारी हवा आणि पाऊस मिळून साधी चेन लवकर गंजते, हे खरं. पण स्वस्त किटमध्ये आधी चेन नाही, स्पॉकेट (चेनचं दातेरी चाक) जातं, कारण दातांना हार्डनिंग धड नसतं. दाताच्या टोकावर कानस हलकेच फिरवा: घसरली तर माल कडक, चावली तर मऊ. चेन मोजायची तर, 428 साइजची असेल तर, ताणून धरा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी 254 मिलिमीटर भरते, 259 च्या पुढे गेली की बदलाच. चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकदमच बदलायची. चेन जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. ढील साधारण 20-30 मिलिमीटर ठेवा, आणि चाक फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे मोजा. एरवी 500 किलोमीटरला देतो ते 90 नंबरचं गिअर तेल पावसात तेवढी वाट न बघता द्या.

कमिशनचं म्हणाल तर असतं, खोटं कशाला बोला. जुना पार्ट मागून घ्या आणि बिलावर नव्याचं नाव लिहायला लावा.

ग्रिप, फूटरेस्टचं रबर, इंडिकेटरची काच, आरसे हे खुशाल स्वस्तातले टाका. फक्त यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. दुकानात गाडीचं नाव आधी सांगा, नाहीतर जोर लावून हँडलवरचेच आटे मारून बसाल.