घर विकणे आहे, मालक सोडून

घर विकायला काढलं की पहिली अडचण घराची नसते, मालकाची असते. भिंती गप्प बसतात, मालक बसत नाही. छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग त्याला 20 वर्षांत दिसलेला नाही. मात्र धाकट्याने पहिलं पाऊल टाकलं त्या जागेचे वेगळे पैसे मिळावेत, असं त्याला मनापासून वाटतं. म्हणून माझं ठाम मत आहे की जाहिरातीला हात घालण्याआधी मालकाला घराबाहेर काढावं.

निदान त्याचं नाक तरी काढावं. रोजच्या वासाला नाक सरावतं, त्यामुळे आपल्या घराचा वास आपल्याला कळतच नाही. तोंडावर बोलणारा एक नातेवाईक प्रत्येकाकडे असतो. एरवी त्याला टाळतो, आज त्याला आवर्जून बोलवावं आणि दारात पाऊल टाकल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात तो काय म्हणतो ते लिहून घ्यावं. त्यानंतर त्याचंही नाक सरावतं आणि तो राजकारणावर बोलू लागतो. घर बंद असेल तर घाण बहुधा न्हाणीघराच्या जाळीतून येते. जाळीखालच्या वळणात साचलेलं पाणी गटाराचा वायू अडवून धरतं, आणि काही आठवडे वापर नसला की ते वाळून जातं. प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतलं की काम झालं. हे सोडून लोक सुगंधी फवारा मारतात. मग घराला गटार अधिक गुलाब असा वास येतो, आणि बघायला आलेला माणूस सगळं सोडून गुलाबाचीच चौकशी करतो.

ओलीच्या बाबतीतही हाच उद्योग. ओल्या भिंतीवर रंग फासला की पाणी मागे अडकतं, क्षार वर येऊन पांढरी भुकटी जमते, पोपडे सुटतात. तेही नेमके घर बघायला माणसं आलेली असताना. आधी गळती बंद करायची, पोपडे खरवडायचे, भिंत वाळू द्यायची आणि मगच रंग. वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना लागतो, असा ठोकताळा आहे. तेवढा धीर नसेल तर डाग राहू द्यावा आणि दुरुस्ती काय लागेल ते सरळ सांगावं. जुन्या भिंतीवर एकच ताजा चौकोन दिसला की बघणाऱ्याची नजर तिथून हलत नाही.

बाकी किरकोळ कामं एका सुट्टीत उरकतात. गळक्या नळाचा वॉशर बदलायचा, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल द्यायचं, सिंकच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन काढून नवं भरायचं. जुनं मात्र पूर्ण खरवडा, कारण त्याच्यावर नवं नीट चिकटत नाही. भरल्यावर 24 तास तिथे पाणी लागू देऊ नका. नवं स्वयंपाकघर बसवण्याच्या फंदात पडू नये. तुम्ही निवडलेला जांभळा रंग घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात उखडायचा असतो.

आता फोटो. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घर पायांनी बघायचं की नाही हे लोक आधी अंगठ्याने ठरवतात.

आधी आवराआवर. फ्रिजवरची चुंबकं, दोरीवरचे टॉवेल, बादल्या, भिंतीवरचे कौटुंबिक फोटो हे सगळं हलवा. कपाटात कोंबू मात्र नका. बघायला येणारे कपाटं उघडतातच, आणि खच्चून भरलेलं कपाट ‘या घरात जागा पुरत नाही’ असं ओरडून सांगतं. एक तृतीयांश भाग मोकळा दिसला पाहिजे. उलट खोली पार रिकामी केली तर ती लहान भासते, कारण नजरेला मापच मिळत नाही. बेडरूममध्ये पलंग असू द्यावा.

कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरा. जरा खाली झुकवला की भिंती एकमेकींवर कलू लागतात. स्क्रीनवरच्या ग्रिडच्या रेघा चालू ठेवल्या की हे लगेच लक्षात येतं. फोनची 0.5 वाली लेन्स खोली मोठी दाखवते खरी, पण कडेला असलेली प्रत्येक वस्तू ताणते. साधी खुर्ची बाक होते. असे फोटो पाहून आलेला माणूस हॉलमध्ये उभा राहून ‘हॉल कुठाय?’ म्हणून विचारतो.

फोटो दिवसा काढा, खिडकीत थेट ऊन नसताना. नाहीतर खिडकी पांढरीफटक आणि खोली काळोखी येते. दिवे लावणार असाल तर सगळे एकाच रंगाचे हवेत. 2700 केल्विनचा पिवळा आणि 6500 चा पांढरा एकत्र लागले की अर्ध्या खोलीला कावीळ झालेली दिसते. कमोडचं झाकण बंद. आरशात फोटो काढणारा दिसत नाही ना, हे तपासा. विशेषतः त्याने बनियन घातलं असेल तर. खुंटीवरची किल्ली, औषधं, टेबलावरचे बँकेचे कागद फोटोत नकोत. स्पष्ट फोटोवरून किल्ली बनवता येते.

जाहिरातीत 15 ते 20 फोटो पुरेत. सर्वांत चांगला पहिला. सोफ्याचं सहा कोनांतून दर्शन नको, सोफा विकायचा नाहीये. त्याऐवजी मापं आणि उत्तर दिशा दाखवणारा नकाशा टाका. आपलं कपाट बसेल का, हे घेणाऱ्याला त्यावरून घरबसल्या कळतं.

मजकुरात ‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या जागी’ लिहिण्याचा मोह होईल. प्रत्येक जाहिरातीत हीच विशेषणं असतात, म्हणजे त्यांची किंमत शून्य. भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचं वर्ष, खिडक्यांची दिशा, पार्किंग, देखभालीचा खर्च आणि ताबा कधी, एवढं लिहा. लिफ्ट नसेल तर तेही लिहा. नाहीतर गुडघे दुखणारे लोक चार मजले चढून येतात आणि वर पोचल्यावर नकार देतात, तोही धापा टाकत.

किमतीचं मालकाचं गणित असं असतं: खरेदी, अधिक फरशी, अधिक आठवणी, अधिक घासाघीस करायला थोडं वर. आठवणी वगळा. शेजाऱ्याने मागितलेला आकडाही धरू नका. आसपासची तशीच घरं अलीकडे प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. शिवाय लोक ऑनलाइन शोधताना गोल आकड्याची मर्यादा घालतात. तुम्ही घासाघिशीसाठी त्या आकड्याच्या किंचित वर गेलात तर घर त्यांच्या यादीतच येत नाही. जाहिरात ताजी असते तेव्हाच तिच्याकडे सर्वाधिक लक्ष जातं, आणि ते दिवस अशा किमतीपायी फुकट जातात.

फोनच येत नसतील तर दोष किमतीत किंवा फोटोंत. लोक येऊन बघून जातात, पण पुढे बोलत नाहीत, तर फोटोत न दिसलेलं काहीतरी प्रत्यक्षात दिसतंय. किंमत उतरवायची तर एकदाच, जाणवेल इतकी उतरवा. दर आठवड्याला चिमूटभर कमी केली की लोक पुढच्या आठवड्याची वाट बघतात.

घर दाखवताना मालकाने बोलू नये. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, बाकी वेळ गॅलरीत उभं राहावं. हे बहुतेकांना जमत नाही, म्हणून दाखवायला दुसरं कुणी ठेवलेलं बरं.

व्यवहार झाल्यावर जाहिरात त्याच दिवशी काढा, जिथे जिथे टाकली तिथून. नाहीतर नवे मालक घर लावून होत नाहीत तोच दारात दोन अनोळखी माणसं मोजपट्टी घेऊन हजर होतात, आणि ‘हॉल कुठाय?’ हा प्रश्न आता त्यांना सोडवावा लागतो.