तापीत सोनं निघाल्याच्या मेसेजबद्दल खुलासा

‘भुसावळजवळ तापीच्या वाळूत सोनं निघतंय, हौसेखातर चाळायला परवानगी लागत नाही’ असा मेसेज फिरतोय. पोरं घमेली घेऊन निघण्याआधी हे वाचा. खान्देशातला बहुतेक खडक बेसाल्टचा, त्यात सोन्याच्या शिरा नसतात. वाळूत चमकतं ते बहुधा अभ्रक. नखाने दाबून बघा: अभ्रकाचा पापुद्रा सुटतो, सोनं नुसतं चेपतं.

हौशी लोकांसाठी वेगळा परवाना कायद्यात नाहीच. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय खनिज शोधता येत नाही. वाळू उचलली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड!

दगडांचीच आवड असेल तर जळगाव भागातल्या खाणींतले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक बघा, फार सुंदर असतात. मात्र खाणमालकाला विचारूनच आत जा.