ऑगस्टमधली बंद दारं : जर्मनीवरच्या लेखाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे मुद्दे आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मूळ लेख न वाचलेल्यांनाही संदर्भ लागेल. एक : जर्मन विद्यापीठांवरचा माझा लेख म्हणजे नुसती आरती आहे. तुमच्या विभागातले सर ऑगस्टमध्ये महिनाभर तिकडे गेले, तेव्हा मजल्यावरची निम्मी दारं बंद होती, व्याख्यानाला नऊ माणसं आली आणि त्यातल्या एकाने 'हे मला पटलेलं नाही' असं तोंडावर सांगितलं. म्हणजे माणसं कोरडी आणि वर उद्धट. दोन : 'शिक्षण फुकट' हे विधान दिशाभूल करणारं आहे. तीन : महिना-दोन महिन्यांत देश कळला म्हणणारे प्राध्यापक हा चेष्टेचा विषय आहे. आणि शेवटी, सरांना पुन्हा बोलावणं आलं आहे, १ मे ते ३१ जुलै. तर काय काळजी घ्यावी?

दुसरा मुद्दा मान्य, वाद नाही. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून २,००० ते ६,००० युरो लावले आहेत. 'फुकट' हा शब्द लेखातून काढला आहे.

'जर्मनीत सगळं घड्याळावर चालतं' हे वाक्यही काढतो, ते तुमच्या नजरेतून सुटलं. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या. आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रद्द झालेली गाडी त्या हिशेबात धरतच नाहीत. दुसऱ्या गावी व्याख्यान असेल तर जी गाडी गाठायची असते तिच्या आधीची पकडावी. तासाभराचा उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांचा झाला तर ५० टक्के परत मिळतात, पण मागितले तरच.

आता कोरडेपणा. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे, कारण सरांनी ज्याला स्वभाव म्हटलं, त्यातला बराचसा भाग कॅलेंडरचा आहे.

जर्मन विद्यापीठाचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. कागदावर पाहिलं तर ऑगस्ट सत्रातच येतो, आणि आपल्याकडचे लोक नेमके इथेच फसतात. व्याख्यानं प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच होतात. उरलेल्या काळाला 'सुट्टी' म्हटलेलं तिथल्या लोकांना खपत नाही. ते त्याला 'व्याख्यानमुक्त काळ' म्हणतात. या काळात विद्यार्थी निबंध लिहितात, प्राध्यापक ते तपासतात आणि स्वतःचं लेखन उरकतात, बरेचदा घरी बसून. शिवाय शिकवणाऱ्या प्राध्यापकाने रजा व्याख्यानांच्या काळाबाहेर घ्यायची असते, म्हणून वर्षभराच्या रजा ऑगस्ट-सप्टेंबरवर येऊन आदळतात. दक्षिणेकडच्या राज्यांत शाळांची मोठी सुट्टीही तेव्हाच. अशा दिवसांत नऊ माणसं व्याख्यानाला आली असतील, तर त्यातली निम्मी तरी रजेवरून उठून आली असणार. हा पाहुणचारच म्हणायचा.

बंद दाराचंही तसंच. आपल्याकडे विभागातलं दार उघडं म्हणजे माणूस भेटेल आणि बंद म्हणजे गेला किंवा रागावला. तिथे दार बंद ठेवून काम करणं ही रीत आहे. टकटक करायची, 'या' ऐकलं की आत जायचं. पण पाच मिनिटांपलीकडचं काम असेल तर आधी ईमेल करून वेळ ठरवावी लागते. तिथे या ठरवलेल्या वेळेला 'टर्मिन' म्हणतात, आणि दाताच्या डॉक्टरपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना तो एकच शब्द पुरतो. चार आठवड्यांच्या मुक्कामात पहिल्या आठवड्यात टर्मिन मागितला तर तो तिसऱ्या आठवड्यातला मिळू शकतो. म्हणून भेटीच्या वेळा निघण्याआधी, इथूनच ठरवायच्या. यजमान प्राध्यापकांच्या कचेरीत सचिव असतील तर पहिलं पत्र त्यांना. दिनदर्शिका त्यांच्या हातात असते.

वेळेबद्दल एक गंमत. कार्यक्रमपत्रिकेत दहापुढे 'सी. टी.' अशी अक्षरं असतील तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं, 'एस. टी.' असेल तर दहाच्या ठोक्याला. ही लॅटिनमधली जुनी सवलत, तिला 'शैक्षणिक पाव तास' म्हणतात. दहाला रिकामं सभागृह बघून खचायचं कारण नाही. (आपल्याकडची एस. टी. आणि वेळ यांचा संबंध वेगळा, तो इथे नको.) व्याख्यान संपल्यावर टाळ्यांऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक होते. तीच दाद.

मग चर्चा. आपल्याकडे पाहुण्याच्या व्याख्यानानंतर आभारप्रदर्शन आणि पुष्पगुच्छ. तिथे मुख्य खाद्य म्हणजे प्रश्न. ४५ मिनिटांच्या व्याख्यानानंतर तेवढाच वेळ चर्चेला ठेवण्याची पद्धत बऱ्याच विभागांत आहे. 'पटलेलं नाही' हे वाक्य तिथे तुमचं म्हणणं नीट ऐकल्याचा पुरावा असतं. कुणी काहीच विचारलं नाही तर खरी काळजी करावी. आपल्याच माणसाचं उदाहरण घ्या. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये मानववंशशास्त्रातल्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताचे कट्टर पुरस्कर्ते होते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, या त्यांच्या गृहीतकाला बाईंच्या मोजमापांतून आधार मिळाला नाही. बाईंनी तसं लिहिलं, आणि डॉक्टरेट घेऊनच परतल्या. सरांनी पुढच्या वेळी दोन पानांची आधारसामग्री जवळ ठेवावी आणि 'बरोबर आहे, पण' असं म्हणून उत्तर द्यावं. चर्चेनंतर मंडळी जेवायला बाहेर जातात, तिथे तोच टीकाकार शेजारी येऊन बसण्याची शक्यता फार. बिल ज्याचं त्याने द्यायचं. वक्त्याचं बहुधा विभाग देतो, पण खिशात पैसे असावेत.

तिसरा मुद्दा अर्धा मान्य. तीन महिन्यांत देश कळत नाही, पण विद्यापीठाचा एक मजला कळू शकतो, आणि त्या मजल्यावरची खरी दुखरी गोष्ट तुमच्याही टीकेत नाही आणि माझ्याही लेखात नव्हती. तिथले तरुण संशोधक बहुतांशी मुदतीच्या करारावर असतात. २००७ च्या कायद्यानुसार पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी मुदतीच्या नोकरीची मर्यादा आहे (वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ). त्या काळात प्राध्यापकपद मिळालं नाही तर अनेकांना विद्यापीठ सोडावं लागतं. शिवाय आपल्याच विद्यापीठात बढतीने प्राध्यापक होणं सहसा होत नाही, गाव बदलावं लागतं. २०२१ मध्ये यावरून 'मी हान्ना आहे' या नावाने मोठा ऑनलाइन गदारोळ झाला होता (हान्ना ही या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी चित्रफितीतली काल्पनिक संशोधक). पाहुण्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा : तुमच्याशी रोज पत्रव्यवहार करणारी उत्साही संशोधक पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही. संयुक्त प्रकल्पाचं पत्र कायम प्राध्यापकांच्या सहीचं घ्यावं, आणि तिचा खासगी ईमेलही मागून ठेवावा.

आता सरांच्या मे ते जुलैच्या दौऱ्याबद्दल. काळ उत्तम निवडला आहे, पण तारखांत खोट आहे. १ मे ते ३१ जुलै हे ९२ दिवस होतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवसांचा असतो, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. 'तीन महिने' आणि '९० दिवस' एकच समजण्याची चूक निमंत्रणपत्रं लिहिणारेही करतात. एक तर २९ जुलैला निघावं, नाहीतर जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा. त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच ठरवा. मुक्काम तीन महिन्यांहून लांबला तर राहत्या पत्त्याची नोंदणीही करावी लागते, आणि तिला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं.

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. तो घेताना रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार वगळले आहेत का, ते बारीक अक्षरांत वाचावं. रोजची औषधं पूर्ण मुदतीची न्यावीत, मूळ घटकाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही.

विद्यापीठाच्या अतिथिगृहाला चार-सहा महिने आधी लिहावं. किल्ली मिळाली की पहिलं काम टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं नाव लावणं. खोली क्रमांकावर पत्र येत नाही, नावावर येतं. पेटीवर नाव नसेल तर पत्र मुकाट्याने परत जातं, आणि बँकेचं कार्ड कुठे अडकलं याचा शोध घेण्यात पंधरा दिवस जातात.

मे-जूनमध्ये गुरुवारी येणाऱ्या धार्मिक सुट्ट्या आहेत, आणि मधला शुक्रवारही लोक रजा टाकून जोडून घेतात. त्या आठवड्यांत व्याख्यान ठेवू नये. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी दूध-भाजी आणून ठेवावी. विद्यापीठाच्या खानावळीत विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे असे तीन दर असतात. यजमानांनी पाहुण्याला कर्मचाऱ्याचं कार्ड मिळवून दिलं तर रोजचे दोन-तीन युरो वाचू शकतात. पाण्याची बाटली फेकू नये. एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या यंत्रात परत मिळते.

राहता राहिला आंब्यांचा प्रश्न, जो तुम्ही कंसात विचारला होता. हापूसची पेटी नेऊ नये. युरोपीय संघात ताजी फळं नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांनाच. कढीपत्त्याचंही तेच. तूप तर दुधाचा पदार्थ म्हणून सरळ बंद. आमरस सीलबंद डब्यातला न्यावा, आणि भाजलेले काजू. ठकठक करणाऱ्या मंडळींना ते पुरतात.