भट्टी कंपनीची, डोकं माझं

आज एचआरनं एक पत्र हातात ठेवलं. ‘नोकरीत असेपर्यंत बाहेरचं कोणतंही काम, मोबदला घेऊन वा न घेता, करणार नाही.’ खाली सहीची जागा. पैसे घेऊ नका, हे एकवेळ समजतं. पण फुकटसुद्धा नको? म्हणजे उद्या आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात कुणी चहा पाजून ‘साहेब, एवढा जॉब बघा की जरा’ म्हणालं, तर मी काय तोंड फिरवू?

माझं काम बऱ्याच जणांना माहीत आहे. मेथडिंग. म्हणजे फाउंड्रीत, ओतकामात, साच्यात वितळलेलं लोखंड कुठून शिरेल, रायझर (गोठताना नगाला जादा मेटल पुरवणारा साठा) कुठं, चिल (मेटल लवकर गोठवणारा धातूचा तुकडा) कुठं, हे ठरवायचं. दिवसा शिरोलीत नोकरी आणि रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून छोट्या फाउंड्रीवाल्यांची कामं. घेतो मी पैसे. लाजायचं कशाला? पोरीची फी त्यातूनच जाते.

उद्यमनगरातले एक मालक आहेत, नाव नको. स्वतः भट्टीवर उभे राहतात. त्यांची पंपाची बॉडी दिसायला झकास, पण मशीन शॉपला बोअर मारला की आत पोकळी. गिऱ्हाईक जॉब, म्हणजे ओतलेला नग, परत पाठवणार, वर मशिनिंगच्या खर्चाची डेबिट नोट लावणार. मोल्डर म्हणतो मेटल खराब, भट्टीवाला म्हणतो वाळू खराब. मी जॉब मधोमध कापायला लावला. रायझर चांगला दणकट होता, पण भलत्या टोकाला. मधली पातळ भिंत आधी गोठायची आणि पलीकडच्या जाड बॉसला (नगावरच्या जाड उंचवट्याला) मेटलच पोचायचं नाही. तहानलेला एका खोलीत आणि घागर दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद! रायझर बॉसजवळ आणला, त्याची नगाला जोडणारी मान रुंद केली, खालून चिल दिली. मालकांनी पॅटर्न (वाळूत साचा पाडायचा नमुना) स्वतःच दुरुस्त केला. पुढच्या लॉटमधला जॉब कापला, आत स्वच्छ.

आता सांगा, यात माझ्या कंपनीचं काय गेलं? असल्या किरकोळ नगांच्या ऑर्डरला आमचे लोक कोटेशनसुद्धा देत नाहीत. आणि त्या मालकांना पगारावर मेथड इंजिनिअर परवडणार आहे का?

हो, ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घालून विकणारे महाभाग आहेत. त्यांना खुशाल हाकला. माझ्या कंपनीचं एक ड्रॉइंग बाहेर गेलेलं नाही. पण कापलेला जॉब बघून आत काय झालं ते ओळखायचं, ही अक्कल काय गेटवर पंच करून आत सोडायची आणि सुटताना परत जमा करायची?

वकील मित्राला फोन केला. तो म्हणतो, नोकरी सोडल्यावर असल्या अटी करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढं सहसा टिकत नाहीत, पण नोकरीत असेपर्यंत कंपनी घालू शकते. बरं बाबा. असेल कायदा तसा.

पण मग रात्री दोनला ‘हीट (भट्टीतलं वितळलेलं मेटल) अडकलीय, या’ म्हणून फोन येतो, त्याचं काय? सोमवारच्या आठवडी सुट्टीला बोलावता, त्याचं काय? तेव्हा कुठल्या पत्रावर सही असते?

जाऊ दे. पत्र देणारं पोरगं नवीन आहे, त्याच्यावर कशाला चिडू. त्याला वरून आलं, त्यानं वाटून टाकलं. पण वरच्यांना तरी माहीत असायला हवं ना, हे गाव कसं उभं राहिलं ते. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं लागली, ती बघून, उघडून, जुळवून इथल्या मिस्त्र्यांनी बनवली. मला हे काम शिकवणारे पॅटर्नमेकर काका सुटी झाली की या शेडमधून त्या शेडमध्ये जायचे. कुणी पैसे द्यायचं, कुणी नुसता चहा. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली तयार झाली. त्यांच्यापुढं हे पत्र ठेवलं असतं, तर त्यांनी त्यावर पॅटर्नचं माप लिहिलं असतं.

त्या पंपवाल्या मालकांचा आत्ताच मेसेज आलाय, नवीन बॉडीचा फोटो आहे. कोअर प्रिंट (आतली पोकळी पाडणारा कोअर साच्यात जिथं टेकतो तो भाग) फारच तोकडा दिसतोय, कोअर हलणार.

मी ठरवलंय. ‘कोणतंही काम’ खोडून ‘कंपनीच्या गिऱ्हाइकांचं व स्पर्धकांचं काम’ असं पेनानं लिहून सही करणार. घेतलं तर घेतलं. ज्यांच्या कंपनीत असलं पत्र आलंय त्यांनी काय केलं ते इनबॉक्सला कळवा. आणि एचआरवाले मित्रांनो, कमेंटमध्ये ‘पॉलिसी आहे सर’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.